लग्नाचे जुने फोटो

आमच्या घरात कुलूप एकाच ठिकाणी आहे, शेतातल्या मोटरच्या पेटीला. बाकी सगळं उघडं. कपाटं उघडी, डबे उघडे, माझी पर्स खुंटीला उघडी लटकलेली. लग्न होऊन आले तेव्हा माहेरच्या सवयीनं मी कपाटाला किल्ली लावून ती कमरेला खोचली. सासूबाई, शालूबाई, हसत म्हणाल्या, "अगं, आमी काय चोर हाय व्हय?" हसत म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी किल्ली कपाटाला लागली ती लागलीच. पुन्हा काही मी ती काढली नाही.

माझं माहेर देहूरोडचं. वडील लष्कराच्या डेपोत होते. तिथं दोन खोल्यांचं क्वार्टर, पण प्रत्येकाचा एक कप्पा होता आणि दुसऱ्याच्या कप्प्याला कुणी हात लावत नसे. इथं पवनानगरच्या पुढं, धरणाच्या काठाला, घर ऐसपैस आणि कप्पा कुणाचाच नाही. शेती आहे, आणि पाण्याकडच्या तुकड्यात आता तंबू लावलेत. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं येतात, शेकोटी करतात, पोहे चांगले झाले म्हणून फोटो काढतात. त्यांची बुकिंग, बिलं, आधार कार्डांच्या कॉप्या, सगळं मी घरच्या कॉम्प्युटरवर बघते. बी.कॉम. झालेली सून आणलीय म्हटल्यावर तिला नुसती भाकऱ्या थापायला थोडीच ठेवणार? भाकऱ्या थापून झाल्यावर बुकिंग बघायचं.

हा कॉम्प्युटर पुढच्या सोप्यात, टीव्हीच्या शेजारी. त्याला पासवर्ड आहे, पण तो माझे थोरले दीर विठ्ठलदादा यांनी मार्करनं लिहून स्क्रीनच्या वरच चिकटवलाय. "कुणाची अडचण नको," म्हणतात. घ्या! मग पासवर्ड ठेवला तरी कशाला?

आणि नेमक्या त्याच कॉम्प्युटरवर मला एक फोल्डर लपवायचं होतं.

त्यात रिपोर्ट होते. माझ्या नवऱ्याचे, निलेशचे. लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं तरी आम्हाला मूल होईना. दोष माझ्यातच आहे हे घरानं, गावानं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आम्ही दोघं गुपचूप चिंचवडला एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. दोघांच्या तपासण्या झाल्या. माझ्यात काही नव्हतं. निलेशचे आकडे फार कमी आले. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उपाय आहेत, वेळ लागेल." येताना कामशेतच्या अलीकडं निलेशनं गाडी बाजूला घेतली आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "अनिता, घरात कुणाला कळता कामा नये. मी तोंड दाखवू शकणार न्हाई." मी शब्द दिला. त्या वेळी मला नवरा फार आवडायचा. अजूनही आवडतो, त्याचाच तर राग येतो.

कागद तो तिथंच फाडायला निघाला होता. मी म्हटलं, "थांब, पुढच्या डॉक्टरला काय दाखवशील?" दुसऱ्या दिवशी सगळे भाताच्या खाचरात असताना मी ते आधार कार्डाच्या स्कॅनरवर घेतले आणि कागद त्यानं चुलीत घातले. फोनवर ठेवायची सोय नव्हती. आमच्या घरात फोन चिवड्याच्या ताटलीसारखा फिरतो, ज्याच्या हाताला लागेल तो बघतो.

मग माझा उद्योग सुरू झाला. आधी फोल्डरला नाव दिलं 'लाईटबिलं'. म्हटलं लाईटबिलं कोण उघडून बघणार? तर महिन्याभरात विठ्ठलदादा, "अगं, गेल्या साली बिल किती आलतं गं?" करत माऊस हातात घेऊन बसले. माझा हात भाकरीच्या पिठात, तशीच धावले. मग फोल्डर अदृश्य करायची खूण असते, ती लावली. सहा महिने बरे गेले. मग दादांनी कुठलासा व्हिडिओ बघून लपलेलं सगळं दिसेल असं बटण दाबलं. फोल्डर फिकट रंगात हजर! शेवटी मी एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला. त्यात सगळ्या फायलींचं मिळून एकच गाठोडं होतं आणि पासवर्ड घातल्याशिवाय आतल्या फायलींची नावंसुद्धा दिसत नाहीत. पासवर्ड दोघांनाच माहीत, मला आणि निलेशला.

आता गाठोड्याला नाव काय द्यायचं? इथं मी माती खाल्ली.

आमच्याकडं दोघा भावांची लग्नं एकाच मांडवात झाली. एकच भटजी, एकच जेवणावळ, एकच फोटोग्राफर. आमच्या भागात बरेच जण असं करतात, खर्च वाचतो. मी आणि जाऊबाई एकाच दिवशी या घरात आलो. अल्बम काढायचा राहूनच गेला, फोटो जुन्या कॉम्प्युटरवर होते, तो बिघडला तेव्हा गेले, आणि फोटोग्राफरनंही तोवर दुकान बंद केलेलं. घरात सगळ्यांना माहीत की लग्नाचे फोटो गेले. मी डोकं चालवलं, जी वस्तू नाहीच ती शोधायला कोण जाईल? गाठोड्याला नाव दिलं 'लग्नाचे जुने फोटो'. स्वतःवर खूश होऊन मी त्या दिवशी दोन कप चहा प्याले.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते मी रडून सांगणार नाही, कारण रडायला वेळ नव्हता. जाऊबाईंना पहिली मुलगी झाली. मला सासूबाईंनी नवस बोलायला लावले, उपास धरायला लावले, कुणीतरी दिलेला काढा पाजला. तो इतका कडू होता की गिऱ्हाइकांना दिला असता तर त्यांनी पैसे परत मागितले असते. सासूबाई दुष्ट नाहीत, हे आधीच सांगते. काढा त्या स्वतः उकळायच्या, स्वतःच्या हातानं गूळ द्यायच्या. पण हळदीकुंकवाला बायका जमल्या की माझ्या देखत म्हणायच्या, "काय करायचं, आमच्या धाकटीचं नशीब." निलेश शेजारून पाण्याचे जार उचलून न्यायचा. त्याला ऐकू यायचं. तो अजून एक जार उचलायचा.

दर वेळी मी त्याला म्हणायचे, "सांग की आता आईंना." तो म्हणायचा, "सांगतो, जरा थांब." आम्ही दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन आलो, औषधं चालू झाली, मध्येच त्यानं बंद केली. दर वेळी गाठोडं उघडायचं, रिपोर्ट काढायचे, परत बांधून ठेवायचं, हे काम माझं.

यंदा जाऊबाईंना मुलगा झाला. बारसं मोठं करायचं ठरलं, तंबूंच्या हिरवळीवरच. पाळणा सजवला, आणि गिऱ्हाइकांना क्रिकेटची मॅच दाखवायला जो मोठा पांढरा पडदा आहे तो लावला, बाळाचे फोटो दाखवायला. कॉम्प्युटर उचलून मांडवात आणला. बायका पाळण्याभोवती जमायला लागल्या, मीही पदर खोचून निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "अनिता, तू त्या फोटूंचं बघ बाई. तुझ्याबिगर कुणाला जमतंय ते?"

किती गोड आवाजात म्हणाल्या! बाळाला पाळण्याखालून-वरून देताना माझे हात त्याला लागायला नकोत, एवढाच त्याचा अर्थ. तिथल्या प्रत्येक बाईला तो कळला. मी "बरं" म्हटलं आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. बाळाचे फोटो लावले.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, मंडळी जेवायच्या आधी निवांत बसली. विठ्ठलदादा आनंदात होते. "सरक गं, माझ्या लेकीचेबी लहानपणीचे दावू," म्हणत त्यांनी माऊस घेतला. मी म्हटलं, "दादा, मी लावते ना." पण बाप झालेला माणूस, तो कशाला ऐकतोय? फोटोंच्या यादीतून खाली खाली गेले, आणि एकदम ओरडले, "अरं! लग्नाचे फोटू हायेत की हितं!"

मांडवात गलका झाला. जाऊबाई बाळाला घेऊन उठूनच उभ्या राहिल्या. त्यांचे वडील त्या लग्नानंतर वर्षभरात गेले, आणि लेकीसोबतचे त्यांचे फोटो त्यातच होते. दादांनी क्लिक केलं. अख्ख्या पडद्यावर, माणसाच्या उंचीची, पासवर्ड मागणारी चौकट आली.

"हे काय? अनिता, पासवर्ड काय गं?" दादांच्या हातात माईक होता, तोही चालू.

मी म्हटलं, "फाईल खराब आहे, दादा."

"खराब न्हाई, कुलूप लावलंय. मला कळतंय तेवढं."

"माझ्या लग्नाच्या फोटूंना कुलूप कुणी लावलं?" जाऊबाई म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता. "माझ्या वडलांचे फोटू हायेत त्यात. इतकी वर्सं मी गेले गेले म्हणून रडत्ये, आन हिनं दाबून ठिवलेत?"

मागं कुणीतरी पाहुणी दुसरीला म्हणाली, हळू म्हणाली पण माईकपेक्षा मोठं ऐकू आलं, "करणी म्हंत्यात ती हीच. दुसरीच्या लग्नाचं बांधून ठिवायचं." मी निलेशकडं बघितलं. तो पंगतीची पानं मांडत होता. पानं मांडतच राहिला.

सासूबाईंनी विषय मिटवला. "लेकराच्या बारशाला भांडण नको. पानं वाढा." माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी उघडायचं."

पंगत उठल्यावर निलेशला मी तंबूंच्या मागं गाठलं. "आता सांगावंच लागेल तुला," म्हटलं.

"काहीतरी सांगून वेळ मारून ने की."

"मारून नेऊ? माझ्यावर करणीचा आळ आलाय, निलेश! उद्या मी उघडलं तर तुझं बाहेर येतं, नाही उघडलं तर मी चेटकीण. यातलं काय करू, तूच सांग."

तो पायानं गवत उकरत राहिला. मग म्हणाला, "तू नको उघडू. मी करतो. शब्द देतो तुला, मी बघतो उद्या."

मी विश्वास ठेवला. मूर्ख असते बाई.

सकाळी कॉम्प्युटर परत सोप्यात लागला. सासूबाई चटईवर बसल्या, विठ्ठलदादा खाटेवर, जाऊबाई दाराशी बाळाला मांडीवर घेऊन. सासरे पहाटेच दुधाच्या गाडीबरोबर गेले होते. सासूबाईंना वाचता येत नाही. पण त्यांनी चटई अशी टाकली होती की स्क्रीन समोर येईल.

"हं. उघड," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "पासवर्ड यांनाही माहीत आहे. हे उघडतील."

सगळे निलेशकडं बघायला लागले. हे त्यांना नवीन होतं. निलेश खुर्चीवर बसला. खोटं कशाला बोलू, मला आतून हलकं वाटत होतं. म्हटलं, चला, सुटले. आज हा बोलणार.

त्यानं फाईलवर बाण नेला. एकदा क्लिक केलं, फाईल निळी झाली. मग डाव्या हातानं शिफ्टचं बटण दाबून धरलं आणि उजव्या हातानं डिलीट.

गाठोडं उघडायला पासवर्ड लागतो. पुसायला लागत नाही. आणि शिफ्ट धरून पुसलं की फाईल कचऱ्याच्या डब्यातसुद्धा जात नाही. हे मीच त्याला शिकवलं होतं, गिऱ्हाइकांची जुनी आधार कार्डं काढून टाकताना.

"खरंच पुसायचं का?" अशी चौकट आली. त्यानं हो केलं.

"अरं, काय केलंस ह्ये!" विठ्ठलदादा खाटेवरून उठलेच.

"काय नव्हतं त्यात," निलेश म्हणाला. "खराब फाईल व्हती. फोटू-बिटू काय न्हाई. मिटला इषय."

"मिटला कसा? माझे वडील..." जाऊबाई रडायलाच लागल्या.

मला वाटलं, कीबोर्ड उचलावा आणि घालावा त्याच्या टाळक्यात. पाच वर्षं मी ज्याची राखण केली ते त्यानं दोन बोटांनी पुसलं, आणि ते पुसल्यानं मी काही निर्दोष झाले नव्हते. उलट आता दाखवायलाही काही उरलं नव्हतं. जन्मभर मी जावेच्या बापाचे फोटो दाबून ठेवणारी बाई राहणार होते. तो स्वतःला वाचवून बसला होता, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही माझीच अब्रू राखली. मी तोंड उघडणार होते. शब्द गेला खड्ड्यात, सगळं सांगून टाकणार होते.

पण माझ्याआधी सासूबाई बोलल्या. आवाज चढवला नाही.

"निलेश, हिकडं बघ."

तो बघेना.

"तिचं काय वंगाळ असतं त्यात," सासूबाई म्हणाल्या, "तर तू आधी उघडून आमाला दावलं असतंस. न्हाईतर तिच्यावर वरडला असतास. काल मांडवात तिला समदी बोलली तवा तू पानं मांडीत व्हतास, मी बघितलं. आन आज उघड म्हणलं तर पुसून टाकलंस. त्यात तिचं काय न्हाई. तुझं हाय."

निलेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय हाय ते मला म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर मला आता भ्या वाटतंय की मला म्हाईत हाय." मग त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता विचारतील, आणि मी सांगून मोकळी होईन. पण त्यांनी हात वर केला. "अनिता, तू गप बस. तुला न्हाई ईचारत मी."

विठ्ठलदादा दाराकडं निघाले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. "काल माईक घिऊन तिला ईचारलंस ना सगळ्या गावाम्होरं? मग आता ऐकायला बस." दादा खाटेच्या कडेला टेकले. जाऊबाईंनी डोळे पुसले आणि बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

निलेशनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला पाठ आहे. त्यानं तसं बघितलं की मी मध्ये पडायचे. हळदीकुंकवाला पडायचे, पाहुण्यांत पडायचे, "अहो, माझीच तब्येत जरा" म्हणायचे, हसायचे, चहा टाकायला उठायचे. त्या सकाळीही माझे पाय आपोआप चुलीकडं वळले होते. मी ते मागं घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

शेवटी तो म्हणाला, "आई, आमी डॉक्टरकडं गेलतो." आणि थांबला.

"कवा?"

"लई आधी. लग्नाला दीड वरीस झालं तवा."

"मग?"

तो अडखळत होता. शब्द सापडत नव्हते. तपासणीला काय म्हणतात, आकडे कशाचे, आईसमोर हे कुठल्या तोंडानं बोलायचं, त्याला काहीच सुचेना. मला सगळे शब्द येत होते. मराठीत येत होते, डॉक्टरांचे इंग्रजीही येत होते. पाच वर्षं ते रिपोर्ट मी इतक्या वेळा वाचले होते की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते.

त्यानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि बोलायला लागला. तोडक्या-मोडक्या, कशाही वाक्यांत बोलला, पण सगळं बोलला. सासूबाई ऐकत राहिल्या, दादा ऐकत राहिले, जाऊबाई बाळाला थोपटायच्या थांबल्या. मी त्याला एकाही शब्दाची मदत केली नाही.